वजन डाव्या पायावर

मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही. हायस्कुलात कारकून होतो, तिथे खोट्याची गरजच पडत नाही. ‘साहेब जेवायला गेलेत’ आणि ‘उद्या या’ एवढ्या दोन वाक्यांवर माझी सगळी नोकरी निभली. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, भर सकाळी, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, काजी (काजूच्या बिया) वाळत घालताना जे खोटं माझ्या तोंडून निघालं, ते अगदीच शिकाऊ माणसाचं होतं.

फोन पुण्याहून होता. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांचा. गृहस्थ फौजेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आवाज असा, की फोन हातभर लांब धरला तरी गोठ्यातल्या म्हशीने कान टवकारावेत. लग्न मुलांनीच ठरवलं होतं, आमच्याकडे फक्त आनंद मानायचं काम होतं आणि ते आम्ही करत होतो.

ते म्हणाले, “रविवारी सकाळी मी गोल्फला असतो, म्हणून फोनला उशीर झाला. पण तुम्हाला काय सांगायचं! तुमची कन्या म्हणत होती, तुम्हीही मारता. लांब मारता म्हणे, आणि सरळ!”

गोल्फ मी टीव्हीवर चॅनल बदलताना पाहिला होता. हिरव्यागार गवतावरून टोपीवाली माणसं चालत जातात आणि मध्येच एक टाळी वाजते, एवढंच माझं ज्ञान. ‘छे हो, काहीतरी गैरसमज झालाय’ असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “हो, थोडंफार.”

“वा! एप्रिलअखेर लग्नाचा हॉल बघायला येतोय. तुमच्याकडे सड्यावर एक मैदान झालंय ना? दोघं मिळून मारू!”

फोन ठेवला आणि मग मला लागलं. गोल्फचं नाही, मुलीचं. ती त्यांच्या घरी गेली असणार, कपाटातल्या ट्रॉफ्या बघितल्या असणार, कोणीतरी विचारलं असणार की तुझे बाबा काय करतात. आता तिने सांगायचं तरी काय? कारकून होते, हल्ली काजी वाळवतात? आमच्या गावात माझं वजन आहे. कट्टा या आमच्या बाजाराच्या गावी गेलो तर चार जण ‘भाऊसायब’ म्हणून थांबतात, कारण त्या चौघांचेही दाखले कधी ना कधी माझ्या हातून गेलेले आहेत. पण हे वजन कट्ट्याच्या एसटी स्टॉपपर्यंतच चालतं. पुण्यात ते शून्य. म्हणून पोरीने आपल्या बापाच्या पारड्यात थोडंसं खोटं टाकलं असणार. तिला माझी लाज वाटली असणार.

हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि ते उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

बायको म्हणाली, “फोन करा नि सांगा, माका येणा नाय म्हणान. तेका काय लागता?”

“नि चेडवाक खोट्यात पाडू?” मी म्हणालो. चेडू म्हणजे आमची मुलगी.

“मगे शिका. नायतरी दिसभर काय करतास? ह्या निमतान तुमचो तो बोंडवांचो खेळ तरी बंद होयत.”

बोंडवांचा खेळ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, आणि सांगताना मला अजून थोडं ओशाळल्यासारखं होतं. काजीची बी पिळून घेतली की मागे बोंडू उरतो. पिवळा, तांबडा, रसाने टच्च भरलेला. सिझनला बागेत त्यांचा सडा पडतो आणि आमच्याकडे त्यांना कोणी विचारत नाही. मी लहानपणापासून ते बोंडू काठीने घरामागच्या वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, मारत आलो आहे. काठी म्हणजे माडाच्या झावळीचा खालचा जाड, पसरट देठ. आम्ही त्याला पिडो म्हणतो, आणि तो खरं तर न्हाणीच्या चुलीत जाळायचा असतो. मुलगी लहान असताना वहाळाच्या पलीकडे उभी राहून बोंडू झग्यात झेलायची आणि ओरडून मोजायची. बोंडवाचा डाग कपड्यावरून जात नाही. लिंबू, रॉकेल, ऊन, शिव्या, बायकोने सगळं वापरून बघितलं. आमच्या पोरीच्या सगळ्या झग्यांच्या पोटावर तपकिरी नकाशे होते. ती पुण्याला गेल्यावरही संध्याकाळी, कोणी बघत नाही अशी खात्री करून, मी आठ-दहा बोंडू मारायचोच. साठीला आलेल्या माणसाला ही सवय शोभत नाही हे मला कळत होतं. त्या दिवसापासून मी ती बंद केली. गोल्फ शिकणाऱ्या माणसाने बोंडू मारणं बरं दिसत नाही.

सुरुवात फोनवरच्या व्हिडिओंपासून केली. त्यात एक गोरा माणूस हसत हसत सांगतो, की हे सगळं वजनाचं काम आहे. आधी वजन उजव्या पायावर न्या, कंबर आणि खांदे वळवा, मग वजन डाव्या पायावर आणा आणि अंग मोकळं फिरू द्या. डोकं मात्र हलवू नका. इतकं साधं. उभं राहणं मला येतं असा माझा समज होता. पण मी नोकरीभर खुर्चीत बसलेला माणूस. माझं वजन एकाच ठिकाणी असायचं आणि ते पायांवर नव्हतं. उजव्या पायावर जा म्हटलं की माझा डावा खांदा पडायचा. डाव्यावर या म्हटलं की मी तिथे आधीच असायचो. डोकं हलवू नको म्हटलं की मान आखडायची आणि डोळे तेवढे गरगर फिरायचे.

सकाळी लवकर उठून मी खळ्यात छत्री घेऊन सराव करायचो. “उजवा... डावा... उजवा... डावा...” असं तोंडाने म्हणत, नजर जमिनीतल्या एका तांबड्या खड्यावर रोखून, श्वास सोडताना “हूं” करत. चौथ्या दिवशी शेजारची काकी गडग्यापलीकडे येऊन उभी राहिली. गडगा म्हणजे आमचा चिऱ्यांचा बांध. बराच वेळ बघून तिने माझ्या बायकोला हाक मारली.

“काय गो, तुज्या घोवाच्या आंगात वारा कधीपासना येता?”

बायको चहा गाळत होती. तिने सांगायला पाहिजे होतं की अंगात-बिंगात काही आलेलं नाही, हा खेळ आहे. पण ती हसायला लागली आणि तिला बोलताच येईना. तेवढ्यात काकीने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्यासमोर हात जोडले.

“देवा, चार दिस झाले, माजी तांबडी कोंबी खंय गेली ता सांग.”

मी त्या वेळी वजन उजव्या पायावर नेऊन ठेवलं होतं, मोठ्या मुश्किलीने. ते सगळं सांडलं. मला राग पटकन येतो आणि जायला वेळ लावतो. छत्री समोरच्याच गडग्याकडे रोखून मी ओरडलो, “खंय म्हणजे? थंय बघ जा, गडग्यात!”

कोंबडी गडग्याच्या मागे, कुड्याच्या झुडपाखाली, अंड्यांवर बसलेली सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खळ्यात तिघी जणी होत्या. एकीच्या हातात नारळ होता. त्यानंतर मी सराव गोठ्यामागे हलवला. म्हशीला काही हरवलेलं सापडून नको होतं.

शेवटी मी मोटारसायकल काढून सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावरच्या, त्या मैदानावर गेलो. एका रिसॉर्टचं मैदान, सहाच होलचं. भोवताली सगळा काळा कातळ आणि मध्ये पाणी मारून मारून वाढवलेलं गवत. त्यामुळे आसपासच्या गुरांना ते फार आवडतं. तिथे शिकवायला देवबागचा एक माणूस होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, आखातातल्या कुठल्याशा गोल्फ क्लबात बारा वर्षं गवत कापता कापता खेळ शिकून परत आलेला. घरचा व्यवसाय होडीचा, पण हा होडी सोडून गवतावर रमलेला. त्याने मला बघितलं आणि हातातला पाइप खाली टाकला.

“भाऊसायब? तुमी? हंय?”

मला तो आठवेना. त्याला मी चांगलाच आठवत होतो.

“दहावीच्या दाखल्याक तुमी माका चार फेरे मारूक लायलात. देवबागसून कट्ट्याक. चार! पयल्या फेऱ्याक शिक्को नाय, दुसऱ्याक सायब नाय, तिसऱ्याक तुमी नाय.”

“आणि चौथ्याला मिळाला ना?” मी म्हणालो.

“चौथ्याक मिळालो.” त्याने पाइप पुन्हा उचलला. “शिकयतंय मी तुमका. पण आज नाय. उद्या येवा.”

तीन दिवस मी गेलो आणि तीन दिवस ‘उद्या येवा’ ऐकून परत आलो. मनात फार बोललो. पण हिशेबाला माणूस सच्चा होता. चौथ्या दिवशी त्याने माझ्या हातात काठी दिली.

त्याचं शिकवणं व्हिडिओतल्या गोऱ्यापेक्षा सरळ होतं. मला पाच-सहा वेळा फिरवायला लावून तो म्हणाला, “तुमी सरकतास, भाऊसायब. फिरणास नाय. कपाट सरकवतत तसा. कपाट उजवीकडे गेला, कपाट डावीकडे इला. माणूस फिराक होयो.”

मग त्याने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. आधी उजवा कुल्ला भिंतीला लागला पाहिजे, मग डावा. मी प्रयत्न केला तर दोन्ही एकदम लागले. मग त्याने माझ्या उजव्या बुटाखाली सुपारी ठेवली आणि सांगितलं, मारून झाल्यावर टाच उचलली गेली पाहिजे आणि सुपारी मोकळी झाली पाहिजे. आठवडाभर मी सुपारी दाबूनच होतो. त्याच्या मते सगळा रोग एकच. मी मारताना वजन मागच्या पायावर धरून ठेवत होतो.

“फायल धरून बसायचास ना, तसा वजन धरून बसतास. मागे र्‍हवान मारलास तर बॉल जायत खंय? वजन सोडूक होया. सोडूकच होया.”

सोडणं हा माझा प्रांत नव्हे. मी घरातली जुनी लग्नपत्रिकासुद्धा टाकत नाही, मागची बाजू कोरी असते.

महिना झाला तरी जमेना, तेव्हा एका दुपारी तो मला देवबागला घेऊन गेला, खाडीच्या बाजूला. ओहोटी होती. त्याने पाग काढला. पाग म्हणजे एकट्याने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेले, आणि त्याची दोरी मनगटाला बांधलेली. त्याने जाळं खांद्यावर घेतलं, उजवीकडे वळला, क्षणभर थांबला आणि डाव्या पायावर येत सोडून दिलं. जाळं हवेत गोल उघडलं आणि गोलच्या गोल पाण्यावर बसलं. मला पहिल्यांदा कळलं की गोरा माणूस कशाबद्दल बोलत होता.

“बघितलास? हात नाय फेकत. आंग फेकता. घेवा.”

मी शेतकऱ्याच्या घरातला. खाडीशी माझा संबंध बाजारातल्या टोपलीपुरता. पण मी जाळं खांद्यावर घेतलं. उजवीकडे वळलो. थांबलो. आणि ठरवलं, की आज सोडायचंच. वजन डाव्या पायावर आलं. डाव्या पायावरून ते पुढे निघालं. जाळं त्याच्या पुढे होतं, आणि जाळ्याची दोरी माझ्या मनगटाला होती. पाणी कमरेएवढंच होतं, पण मी आडवा गेलो असल्यामुळे ते मला पुरेसं झालं. किनाऱ्यावर होमस्टेमध्ये उतरलेली काही मंडळी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा इथला पारंपरिक प्रकार असेल.

नाकातोंडातलं पाणी काढत मी वर आलो तर मास्तर खूश.

“बगा! आज पयल्यांदा तुमी वजन सोडलास.”

त्यानंतर दहात एखादा चेंडू खरंच उडायला लागला. कसा उडाला ते मला कळायचं नाही, पण उडाल्यावर उजव्या बुटाखालची सुपारी मोकळी झालेली असायची. मी मनात गणित मांडलं. व्याह्यांसमोर दहा चेंडू मारायला मिळाले तर एक तरी जाईल. तो एक गेला की मुलगी खरी ठरेल. बाकी नऊ वाऱ्यावर ढकलता येतील.

एप्रिलअखेर ते आले. व्याही पांढरा शर्ट, पांढरी टोपी, एका हातात पांढरा हातमोजा. जावई गाडी चालवत होता. मुलगी फिक्या पिस्ता रंगाच्या नव्या ड्रेसमध्ये होती, सासूबाईंनी घेतलेल्या. मी तिच्याकडे नीट बघितलं नाही. दोन महिने मी तिच्याशी फोनवर हॉल, केळीची पानं, भटजी एवढंच बोललो होतो.

सड्यावर पोहोचलो. व्याह्यांनी पहिला मारला. त्यांचं वजन उजव्या पायावर गेलं, तिथे जरा टेकलं आणि मग सगळं अंग वळत डाव्या पायावर आलं. उजवी टाच उचललेली, पट्ट्याचं बक्कल समोर, डोळे चेंडूमागे. एरवी दगडासारखा ताठ माणूस, पण वळताना एवढा मऊ की मी बघतच राहिलो. चेंडू कुठे गेला ते मी बघितलंच नाही.

“या,” ते म्हणाले.

मास्तर लांब पाइप धरून उभा होता. त्याने डोळ्यांनीच सांगितलं, सोडा.

पहिल्या वेळी काठी चेंडूच्या वरून गेली. दुसऱ्या वेळी रिसॉर्टचं वीतभर गवत मुळासकट उडालं आणि चेंडू जागेवर राहिला. तिसऱ्या वेळी मी इतका फिरलो, की थांबलो तेव्हा माझं तोंड व्याह्यांकडे होतं. चौथ्या वेळी चेंडू माझ्या बुटाला लागून मागे गेला. मागे! बांधावरची एक गाय उठून उभी राहिली.

“होतं असं,” व्याही हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाज होता हे मला तेव्हा कळलं. “वारा आहे आज.”

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. ते हसले असते तर मी पाचवा मारला असता. पण त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि ते मला सहन झालं नाही. काठी गवतावर टाकून मी म्हणालो, “वारा नाही. मला येत नाही. कधीच येत नव्हतं. माझ्या मुलीने तुम्हाला खोटं सांगितलं. बाप कारकून आहे हे सांगायची तिला लाज वाटली, म्हणून सांगितलं.”

मुलीचा चेहरा असा झाला की मी शब्द परत गिळायला तयार होतो. ती एरवी त्यांच्यासमोर शुद्ध बोलते. त्या वेळी विसरली.

“मी काय खोटा सांगलंय?”

“गोल्फ!”

“मी गोल्फ कधी सांगलंय? मी बोंडू सांगलंय!”

“हो, बोंडूच म्हणाली,” व्याही गडबडून म्हणाले. “म्हणजे बॉल ना? तुमच्याकडे बॉलला बोंडू म्हणतात ना? वहाळाच्या पलीकडे मारतात म्हणाली. मी घरी सगळ्यांना सांगितलं, बघा, पाण्यावरून मारतात!”

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांनी तिला ट्रॉफ्या दाखवल्या होत्या. कुठल्या मैदानावर, किती लांब, सगळं सांगितलं होतं. आणि पोरीला राहवलं नव्हतं. ती म्हणाली होती, माझे बाबापण मारतात, काठीने बोंडू मारतात, सरळ वहाळापलीकडे, एकही चुकत नाही. लाज राहिली बाजूला, तिने तिथे माझी बढाई मारली होती. ट्रॉफ्यांसमोर तिने बोंडू ठेवले होते आणि तिला ते कमी वाटले नव्हते. आणि मी तिला चारचौघांत, सासऱ्यासमोर, खोटारडी ठरवून मोकळा झालो होतो.

परतताना ती पुढे बसली. अर्धा-पाऊण तास तिने एकदाही मागे बघितलं नाही. मी मागे व्याह्यांशेजारी गुडघे धरून बसलो. मला स्वतःचा इतका राग आला होता की कट्टा गाव कधी मागे पडलं ते कळलं नाही.

घरी बायकोने सोलकढी तयार ठेवली होती. मुलगी घरात आलीच नाही. न्हाणीकडे गेली, जळणातून एक पिडो ओढून काढला, माझ्या पायांशी टाकला आणि वहाळ ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. एप्रिलातला वहाळ, दगडादगडांत थोडं पाणी. तिने ड्रेसचा पुढचा घेर दोन्ही हातांत धरला.

“मारा!”

व्याही, जावई, बायको, सगळे खळ्याच्या कडेला आले. गडग्यावर काकी होतीच. मी एक बोंडू मातीच्या ढिगाऱ्यावर ठेवला. पन्नास वर्षं हे काम मी विचार न करता केलं होतं. आता विचार आले. उजवा पाय. कंबर. खांदे. मान. सुपारी. मी काठी फिरवली आणि बोंडू जिथल्या तिथे राहिला.

“एक चुकलो!” पलीकडून ती ओरडली.

आमच्या मालवणीत याचा अर्थ, एक बोंडू चुकला. पण तीस-बत्तीस वर्षं शुद्ध मराठीत पत्रं लिहिलेला माणूस मी, मला त्यात ‘मी चुकलो’ हेच ऐकू आलं. लहानपणी तिने कधी चुकलेला मोजला नव्हता, कारण चुकायचाच नाही. मी काठी टेकून उभा राहिलो आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, “व्हय गो! चुकलो!”

तिने घेर सोडला. मग नाक पुसलं आणि घेर परत धरला.

“येवंदे दुसरो.”

दुसरा बोंडू ठेवला. या वेळी मी पायांकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. पलीकडे ती उभी होती, आणि मला तिच्यापर्यंत पोचवायचा होता, एवढंच. अंग कधी वळलं, वजन कधी गेलं, काही कळलं नाही. बोंडू वहाळावरून सरळ गेला, तिच्या नव्या ड्रेसच्या घेरात पडला आणि फुटला.

“एक गेलो!”

बायकोने कपाळावर हात मारला. सासूबाईंनी घेतलेला ड्रेस होता.

व्याही पुढे आले. “मला एक द्या बघू.” त्यांनी पिडो हातात घेऊन तोलला, पाय लावले आणि तोच सुंदर फेर घेतला. उजवा, थांबला, डावा, बक्कल समोर. पिकलेला बोंडू मधोमध लागला आणि होता तिथेच फुटला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, एक भिवई, सगळीकडे रस. गडग्यावरून काकी म्हणाली, “अगो बाय माजे!”

“काय चुकलं माझं?” त्यांनी मला विचारलं, अगदी मनापासून.

सवयीने माझ्या तोंडावर ‘उद्या या’ आलं होतं, ते मी गिळलं. “जोर नको,” मी म्हणालो. “आणि पिकलेला घेऊ नका. अर्धा कच्चा घ्या.” ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं मारत होतो. मुलगी पलीकडून मोजत होती. त्यांचे चुकलेलेही मोजत होती. आत सोलकढी गरम झाली आणि हॉल बघायचा राहिला तो राहिलाच.

लग्न मे महिन्यात झालं. पाठवणीच्या आदल्या दिवशी दुपारी मायलेकी खोलीत बॅग भरत होत्या. बायकोने त्या पिस्ता ड्रेसवर लिंबू, रॉकेल, ऊन आणि शिव्या सगळं पुन्हा एकदा वापरून बघितलं होतं. डाग होता तिथेच होता.

“ह्यो कित्या नेतंस गो? फुकट गेलेलो ड्रेस.”

“र्‍हवांदे.”

“सासरची इचारतली, डाग कसलो म्हणान.”

“इचारूंदेत. सांगान, बाबान मारलेलो बोंडू.”

मी दाराबाहेर तिच्या बॅगेचं कुलूप शोधत होतो. ते माझ्या हातातच आहे, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.